फोन माझा, भाडेकरू त्यांचे

२८ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्राच्या दूरसंचार खात्याने फोन बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांना एक आदेश धाडला. नव्वद दिवसांच्या आत प्रत्येक नव्या फोनमध्ये 'संचार साथी' हे सरकारी ॲप आधीच बसवलेलं असावं, फोन पहिल्यांदा चालू करताना ते ठळक दिसावं, आणि त्याची कामं बंद किंवा मर्यादित करता येऊ नयेत. जे फोन तयार होऊन दुकानांत पोचले होते त्यांच्यातही अपडेटमधून ते घालायचं होतं. बातमी फुटली आणि देशभर गदारोळ झाला. खात्याचे मंत्री ज्योतिरादित्य शिंदे, म्हणजे आमच्या ग्वाल्हेरचे. इथे त्यांना मंत्री फारसं कुणी म्हणत नाही, महाराजच म्हणतात. त्यामुळे शहराच्या महाराज बाडा चौकात, म्हणजे बाड्यावर, उभं राहून त्यांच्या खात्यावर टीका करणारा माणूसही आवाज जरा बेतानेच चढवतो. पण त्या दोन दिवसांत तो बराच चढला होता. २ डिसेंबरला शिंदे म्हणाले, ज्याला नको त्याने काढून टाकावं. ३ डिसेंबरला सक्तीच मागे घेतली गेली.

गदारोळ रास्त होता. खटकली ती एवढीच गोष्ट, की ज्या फोनवरून लोक निषेधाचे निरोप पुढे ढकलत होते, त्याच फोनमध्ये न मागता आलेली आणि पूर्ण न काढता येणारी डझनावारी ॲप्स आधीपासून ठाण मांडून होती. कुणी गूगलची, कुणी फोन बनवणाऱ्या कंपनीची, कुणी तिने पैसे घेऊन बसवलेल्या तिसऱ्याच कुणाची. त्यांच्याबद्दल चकार शब्द नाही. सरकारने घुसवलं की पाळत, आणि कंपनीने घुसवलं की 'फीचर', असा आपला हिशेब झालाय.

माझं म्हणणं असं आहे: फोन असो वा कॉम्प्युटर, विकत घेतल्यावर त्यात आधीपासून असलेलं कुठलंही ॲप मालकाला मुळासकट काढता आलं पाहिजे. आणि ते काढेपर्यंत, बाहेरून उतरवलेल्या ॲपला जशी परवानगी मागावी लागते तशीच त्यालाही मागावी लागली पाहिजे. ते कंपनीचं आहे की सरकारचं, याने नियमात फरक पडायला नको. हा प्रश्न खाजगीपणाचा की बाजारातल्या स्पर्धेचा, यावर तज्ज्ञांमध्ये दोन वेगळे फड रंगतात. मला ते दोन प्रश्न वाटतच नाहीत. का, ते पुढे येईलच.

आधी हे घडतं कसं ते पाहू. गेल्या दिवाळीच्या आसपास आत्यासाठी फोन घ्यायला आम्ही बाड्याजवळच्या एका दुकानात गेलो होतो. आत्या दौलतगंजात एकटी राहते. तिच्या मागण्या मोजक्या: पुण्यातल्या मुलाशी व्हिडिओवर बोलता यावं, भजनी मंडळाचे व्हॉट्सॲपचे निरोप दिसावेत, अक्षरं मोठी असावीत. दहा हजारांच्या आतला एक फोन ठरला. काउंटरवरच्या मुलाने "आंटीजी, आप आराम से बैठिए, सब चालू करके देता हूँ" म्हणत खोकं फोडलं आणि अंगठा पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात असा काही रोवला की तो शेवटपर्यंत तिथून हलला नाही. पुढे, पुढे, सहमत, पुढे. वापराची माहिती कंपनीला पाठवायची का, आवडीनिवडी बघून जाहिराती दाखवायच्या का, लॉक स्क्रीनवर रोज नवी चित्रं हवीत का. सगळ्या चौकटींत खुणा आधीच केलेल्या होत्या, नको असेल तर पुसायच्या. पुसणार कोण? आत्याचं जीमेल खातं होतं, पण पासवर्ड आठवेना. मग त्या मुलाने नवं खातं उघडलं आणि पासवर्ड बिलाच्या पाठीमागे लिहून दिला. कायद्याच्या भाषेत आत्याने समजून-उमजून संमती दिली. प्रत्यक्षात तेवढ्या वेळात तिने समोरच्या फळीवरची कव्हरं पाहिली आणि त्यातलं निळं निवडलं.

घरी आल्यावर खरी गंमत. फोन उचलला की लॉक स्क्रीनवर डोंगर किंवा नटी, खाली एक ओळ बातमीची. उघडायला बोट सरकवलं की कधी फोन उघडे, कधी ती बातमी. तिसऱ्या की चौथ्या वेळी पाच मिनिटांत कर्ज देणारी जाहिरात आली. आत्या म्हणाली, "अरे, मी कुठे कर्ज मागितलंय?" मी सेटिंग्जमध्ये जाऊन एकेका ॲपचं पान उघडायला लागलो. काहींच्या पानावर 'अनइंस्टॉल' होतं, ती उडवली. काहींच्या पानावर त्या जागी फक्त 'अक्षम करा' होतं. आणि काहींवर तेही करडं पडलेलं, दाबलं तरी ढिम्म. कर्जवाली जाहिरात ज्यातून येत होती ते ॲप अर्थातच शेवटच्या जातीचं निघालं. शेवटी जाहिरातींची एक खूण सेटिंग्जच्या चौथ्या थरात सापडली, ती पुसली, तेव्हा डोंगर गेला. नटी मात्र अपडेट आल्यावर परत आली.

काही ॲप्स निघतात आणि काही का निघत नाहीत, यामागचं तंत्र अवघड नाही. अँड्रॉइड फोनच्या साठवणीचा एक भाग सिस्टिमसाठी राखलेला असतो. तो भाग फक्त वाचता येतो, वापरणाऱ्याला त्यावर लिहिता किंवा खोडता येत नाही. कंपनी जी ॲप्स तिथे ठेवते ती फोन पूर्ण पुसून नव्यासारखा केला तरी जागच्या जागी असतात. 'अक्षम' केलेलं ॲप झोपतं, पण त्याने अडवलेली जागा परत मिळत नाही. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. या भागातल्या ॲप्सना असे काही अधिकार मिळू शकतात जे प्ले स्टोअरवरून उतरवलेल्या साध्या ॲपला कितीही मागितले तरी मिळत नाहीत: न विचारता दुसरं ॲप बसवणं, बाकीच्या ॲप्सची हालचाल पाहणं. शिवाय लोकेशन, संपर्क, माइक अशा परवानग्याही कारखान्यातच देऊन ठेवण्याची सोय असते. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातले जुने वाडे भाडेकरूंसकट विकले जातात, तसाच हा व्यवहार. खरेदीखत तुमच्या नावाचं, पण तळमजल्यावरच्या बिऱ्हाडाला उठवता येत नाही. फरक इतकाच की या बिऱ्हाडाकडे तुमच्या माजघराचीही किल्ली आहे.

हा केवळ माझा संशय आहे असं नाही. माद्रिदच्या इम्डिया नेटवर्क्स या संस्थेतल्या संशोधकांनी सहकाऱ्यांसह २०१९ साली २१४ कंपन्यांच्या सतराशेहून अधिक फोनमधली आधीपासून आलेली ८२ हजारांवर ॲप्स तपासली. त्यांना आढळलं की जाहिराती आणि माग काढण्याचा धंदा करणाऱ्या कंपन्यांचे तुकडे या ॲप्समध्ये सर्रास मिसळलेले आहेत, आणि फोन विकत घेणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो. स्वस्त फोनचा नफा अनेकदा फोनवर नसतोच, तो या भाडेकरूंकडून येणाऱ्या पैशावर असतो. म्हणजे कमी पैसे देणारा माणूस जास्त माहिती देतो. आत्यासारख्या माणसांना महागडा, स्वच्छ फोन घेऊन यातून सुटायचीही सोय नाही.

आता स्पर्धेचा मुद्दा. समजा आत्याच्या फोनवर एक नकाशा आधीच आहे आणि मी दुसरा एक उतरवला, भारतातल्याच कंपनीचा. १९९५ पासून भारताचे नकाशे बनवणाऱ्या मॅपमायइंडियाचं 'मॅपल्स' घ्या. ते उघडल्याबरोबर विचारतं: तुम्ही कुठे आहात हे बघू का? पर्याय येतात: ॲप वापरताना, फक्त या वेळी, नाही. आत्या दचकते. "हे का विचारतंय? चोर-बिर नाही ना?" जे ॲप इमानदारीने विचारतं ते संशयास्पद ठरतं आणि ज्याच्या परवानग्या कारखान्यात उरकलेल्या असतात ते घरचं वाटतं. खाजगीपणा जपण्यासाठी केलेला नियम फक्त बाहेरून येणाऱ्याला लावला की तो नियमच प्रतिस्पर्ध्याच्या वाटेत पाचर होऊन बसतो. खाजगीपणा आणि स्पर्धा हे वेगळे प्रश्न नाहीत असं मी म्हणतो ते यासाठी. विचारल्याशिवाय घेता येणं हाच आधीपासून बसलेल्याचा बाजारातला फायदा आहे. तो फायदा काढून घेतला तर दोन्ही दुखणी एकदम हलकी होतात.

फ्रान्समध्ये नेमका हाच घोळ पकडला गेला. ॲपलने २०२१ मध्ये आयफोनवर नियम आणला की कुठल्याही ॲपला तुमचा इतरत्र माग काढायचा असेल तर आधी एक पाटी दाखवून विचारावं लागेल. कल्पना उत्तमच, मी तर तिचं स्वागतच केलं होतं. पण फ्रान्सच्या स्पर्धा प्राधिकरणाने मार्च २०२५ मध्ये ॲपलला १५ कोटी युरोंचा दंड केला. नियम चुकीचा म्हणून नाही, तर इतरांना दोन-दोनदा संमती मागायला लावायची आणि स्वतःच्या ॲप्ससाठी हात सैल सोडायचा, ही अंमलबजावणी पक्षपाती म्हणून. स्वतःच्या घराला वेगळा उंबरठा ठेवणारा द्वारपाल कितीही सज्जन असला तरी त्याच्यावर कुणी विश्वास का ठेवावा?

यावर गूगल-ॲपलसारख्यांचं ठरलेलं उत्तर असतं: आम्ही कुणाला अडवलंय? दुसरं ॲप एका बोटाच्या अंतरावर आहे, लोकांनी बदलावं. या उत्तराची किंमत गूगलवरच्या अमेरिकेतल्या खटल्यात कळली. आयफोनच्या सफारी ब्राउझरमध्ये आपलंच सर्च आधीपासून लावलेलं असावं, एवढ्यासाठी गूगलने ॲपलला २०२२ या एका वर्षात सुमारे २००० कोटी डॉलर दिले. एका बोटाचं अंतर खरंच एवढं क्षुल्लक असतं तर त्यासाठी इतके पैसे मोजणारा माणूस वेडा म्हणायला हवा. गूगल वेडी नाही. बहुतेक लोक जे समोर आलं तेच वापरतात, हे त्या कंपनीला आपल्यापेक्षा चांगलं माहीत आहे. न्यायाधीश अमित मेहता यांनी ऑगस्ट २०२४ मध्ये सर्चमधली ही मक्तेदारी बेकायदा रीतीने टिकवली गेल्याचा निर्णय दिला. वर्षभराने उपाय ठरवताना त्यांनी गूगलला तिचा क्रोम ब्राउझर विकायला लावला नाही, इतरांना बाहेर ठेवणारे करार मात्र मना केले.

हे सगळं नवं आहे असं वाटत असेल तर थोडं मागे जाऊ. ज्यांनी विंडोज ९८ वर कॉम्प्युटर क्लास केला त्यांना आठवेल, कंट्रोल पॅनलमध्ये प्रोग्रॅम काढायची एक यादी असायची. त्या यादीत मायक्रोसॉफ्टचा ब्राउझर, इंटरनेट एक्सप्लोरर, नव्हतं. आम्ही समजायचो, ते विंडोजचंच अंग असेल, काढून कसं चालेल? अमेरिकी सरकारने १९९८ मध्ये मायक्रोसॉफ्टवर खटला भरला तेव्हा कंपनीचाही साधारण हाच दावा होता. कंपनीचे दोन तुकडे करण्याचा खालच्या कोर्टाचा हुकूम जून २००१ मध्ये अपील न्यायालयाने रद्द केला, आणि बातम्यांत तेवढंच गाजलं. पण त्याच निकालात एक बारीक गोष्ट कायम राहिली होती: प्रोग्रॅम काढायच्या यादीतून ब्राउझर वगळणं, आणि त्याचा कोड विंडोजच्या फायलींत असा कालवणं की तो उपटला तर विंडोजच मोडावं, या दोन्ही गोष्टी मक्तेदारी टिकवण्यासाठी केलेल्या गैरकृती ठरल्या. काढायचं बटण लपवणं हा गुन्ह्याचा भाग आहे, असं एका मोठ्या न्यायालयाने सांगून आता पाव शतक होत आलं.

युरोपने त्यानंतर दोन औषधं करून पाहिली. २००४ मध्ये मीडिया प्लेअर गळ्यात मारल्याबद्दल मायक्रोसॉफ्टला ४९.७ कोटी युरोंचा दंड झाला आणि प्लेअर नसलेलं विंडोज विकायला लावलं गेलं. ते त्याच किमतीला आलं. त्याच पैशात एक वस्तू कमी असलेलं कोण घेणार? जवळजवळ कुणीच घेतलं नाही. दुसरं औषध २०१० मधलं, ब्राउझर निवडीचा पडदा. कॉम्प्युटर चालू केला की पर्यायांची रांग समोर, हवा तो घ्या. विंडोज ७ च्या एका अपडेटमध्ये तो पडदा चौदा-एक महिने गायबच होता, सुमारे दीड कोटी लोकांना दिसलाच नाही, आणि त्यासाठी २०१३ मध्ये पुन्हा ५६.१ कोटी युरोंचा दंड झाला. चूक तांत्रिक होती असं कंपनी म्हणाली. असेलही.

या दोन प्रयोगांवरून माझं मत असं झालंय की कारखान्यातून काय येऊ नये याचे नियम फारसे कामाचे नाहीत, आणि निवडीच्या पडद्यांवरही फार भिस्त ठेवू नये. आमच्या दुकानातला तो मुलगा निवडीच्या पडद्यावरही 'पुढे'च दाबणार. खरा उपाय आहे तो काढण्याचा हक्क, कारण तो एका क्षणापुरता नसतो. आज नको वाटलं नाही, सहा महिन्यांनी वाटलं, भाचा सुट्टीत आला तेव्हा त्याने साफ करून दिलं. हक्क तसाच जागेवर असतो.

आणि नेमका हाच हक्क आपल्याकडे हातातोंडाशी येऊन गेला. तीन अँड्रॉइड वापरणाऱ्यांच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने गूगलची चौकशी केली आणि २० ऑक्टोबर २०२२ रोजी १३३७.७६ कोटींचा दंड ठोठावला. प्ले स्टोअर हवं असेल तर सर्च, क्रोम, यूट्यूब, मॅप्स असा अख्खा संच फोनमध्ये घालावाच लागेल, ही गूगलची अट आयोगाने सत्तेचा गैरवापर ठरवली. सोबत दहा निर्देश दिले. त्यातला एक असा, की आधीपासून बसवलेली आपली ॲप्स काढून टाकायला गूगलने वापरणाऱ्याला मज्जाव करू नये. माझ्या मते अख्ख्या आदेशातलं सर्वांत लोकाभिमुख वाक्य ते होतं. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही स्थगिती द्यायला नकार दिला, आणि गूगलने जाहीर केलं की भारतात कंपन्यांना ॲप्स सुटी-सुटी घेता येतील, नव्या फोनवर सर्च निवडता येईल. मग २९ मार्च २०२३ ला कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाचा निकाल आला. दंड कायम राहिला, दहापैकी चार निर्देश रद्द झाले. रद्द झालेल्या चारांत हा एक होता.

दंड कायम, बटण गायब. वर्तमानपत्रांनी दंडाचा मथळा केला, ते स्वाभाविकच होतं. पण १३३७ कोटी म्हणजे त्या वर्षीच्या गूगलच्या मूळ कंपनीचा साधारण एका दिवसाचा नफा.

आता दुसऱ्या बाजूचं ऐकायला हवं, कारण तिच्यात दम नाही असं नाही. पहिलं म्हणणं, या भाडेकरूंमुळेच फोन दहा हजारांत मिळतो. ते गेले तर तोच फोन बारा हजारांचा होईल, मग आत्यांनी काय करायचं? प्रश्न खरा आहे. पण सौदाच असेल तर तो सौद्यासारखा करा. ॲमेझॉनने किंडल हे पुस्तक वाचायचं यंत्र जाहिरातींसह स्वस्त आणि जाहिरातींशिवाय महाग असं विकून दाखवलं. जाहिराती नको असतील तर फरकाचे पैसे भरा, मोकळे व्हा. ते मला पटतं. खोक्यावर किती मेगापिक्सेलचा कॅमेरा ते ठळक छापता, मग आत कुणाची किती ॲप्स आहेत, किती जागा खातात, किती निघतात, हे छापायला काय हरकत? न सांगता दिलेली सूट ही सूट नसते. आयजीच्या जिवावर बायजी उदार, अशातली ती गत.

दुसरं म्हणणं सुरक्षिततेचं: लोक काहीही काढून बसतील, फोन लावायचं ॲपच उडवतील. म्हणून काढता न येणाऱ्यांची छोटी यादी असू द्या की. फोन, मेसेज, सेटिंग्ज, आणखी दोन-चार. दक्षिण कोरियाच्या सरकारने २०१४ मध्येच अशी विभागणी करून सांगितलं होतं, की अत्यावश्यक ॲप्स एका बाजूला, ऐच्छिक दुसऱ्या, आणि ऐच्छिक ती वापरणाऱ्याला काढता आलीच पाहिजेत. तिथे फोनचा धंदा बुडाला नाही. सॅमसंग तिथलीच आहे, आजही जोरात आहे.

आणि 'तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही' हे तिसरं म्हणणं तर आपल्याच देशाने खोटं पाडलंय. २९ जून २०२० ला केंद्राने ५९ चिनी ॲप्सवर बंदी घातली. यादीत शाओमीची 'मी कम्युनिटी' आणि 'मी व्हिडिओ कॉल' ही ॲप्स होती. ऑगस्टमध्ये शाओमीने जाहीर केलं की बंदी घातलेलं एकही ॲप आधीपासून नसलेली सिस्टिम आम्ही भारतासाठी आणतोय. सरकारने डोळे वटारल्यावर दोन महिन्यांत जे निघतं ते ग्राहकाने विनवून निघत नाही, याचा अर्थ अडचण तंत्राची नव्हतीच.

सरकारने डोळे वटारल्यावर निघतं, आणि सरकारने डोळे वटारल्यावर बसतंही. इथे मला सावध व्हावंसं वाटतं. ऑगस्ट २०१८ मध्ये लाखो लोकांच्या फोनमधल्या संपर्कयादीत एके दिवशी 'यूआयडीएआय' (म्हणजे आधार प्राधिकरण) नावाचा नंबर दिसायला लागला, तोही जुना हेल्पलाइन नंबर. कुणी जतन केला नव्हता. आधार प्राधिकरणाने हात झटकले. शेवटी गूगलने कबूल केलं की २०१४ मध्ये भारतातल्या कंपन्यांना दिलेल्या अँड्रॉइडच्या सुरुवातीच्या मांडणीत तो आपल्याकडून अनवधानाने घातला गेला, आणि फोन बदलला तरी खात्याबरोबर तो पुढच्या फोनवर सरकत राहिला. एका नंबराने कुणाचं काही बिघडलं नाही. पण चार वर्षं एक अनाहूत वस्तू देशभरच्या फोनांत राहते आणि कुणाला पत्ता लागत नाही, ही त्या दाराची रुंदी आहे. त्याच दाराने उद्या काय येईल, हे ज्याच्या हाती कारखाना त्याने ठरवायचं.

म्हणून संचार साथीचा आदेश मला वाईट हेतूचा वाटला नाही तरी वाईटच वाटला. चोरीला गेलेला फोन बंद करायला, आपल्या नावावर किती सिमं आहेत ते बघायला ते ॲप उपयोगी आहे. मी स्वतः ते उतरवलंय. उतरवलंय, हा शब्द महत्त्वाचा. मंत्री म्हणाले काढून टाका आणि त्यांच्याच खात्याच्या कागदावर होतं की बंद करता येऊ नये, या दोहोंतलं मंत्र्यांचं तोंडी वाक्य बरोबर होतं. ते वाक्य आदेशाच्या रूपाने, सगळ्यांच्या सगळ्या ॲप्सना लागू होईल असं निघालं असतं तर आम्ही ग्वाल्हेरकरांनी खुशाल मिरवलं असतं.

खाजगीपणाचा कायदा यात कितपत कामी येईल? २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला, २०२३ मध्ये डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य तरतुदी लागू व्हायला आणखी दीड वर्ष ठेवलंय. कायदा म्हणतो संमती मुक्त, नेमकी, बिनशर्त आणि स्पष्ट हवी. आणि सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत मिळण्याचा पर्याय हवा, म्हणजे मराठीतही. छानच आहे. पण आधीच खूण केलेली चौकट, दुकानातल्या मुलाचा अंगठा आणि न निघणारं ॲप या तिन्हींना हा कायदा कसा लागतो, हे कुणीतरी दावा केल्याशिवाय ठरणार नाही. सरकारी यंत्रणांना सूट देण्याचं कलम तर त्यातच आहे. दुसरीकडे, मोठ्या कंपन्यांना आधीच वेसण घालणारा डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा मार्च २०२४ मध्ये आला, आणि हे लिहितो तोवर मसुदाच आहे. एक खातं खाजगीपणा बघतं, दुसरं स्पर्धा, तिसरं दूरसंचार. आत्याचा फोन तिन्हींच्या मधल्या फटीत पडलाय.

कॉम्प्युटरची गत वेगळी नाही, फक्त तिथे भाडेकरू कमी आणि धिप्पाड आहेत. मायक्रोसॉफ्टने मे २०२४ मध्ये 'रिकॉल' जाहीर केलं: दर काही सेकंदांनी तुमच्या पडद्याचा फोटो काढून ठेवायचा, म्हणजे कधी काय पाहिलं ते शोधता येईल. आधी ते आपोआप चालू राहणार होतं. टीकेचा भडिमार झाला, कंपनीने ते पुढे ढकललं, आणि वापरणाऱ्याने चालू केलं तरच चालेल असं करून २०२५ मध्ये आणलं. युरोपात २०२४ पासून नव्या कायद्यामुळे विंडोजमधून एज ब्राउझर काढूनही टाकता येतो. तेच विंडोज, तीच कंपनी. इथे ग्वाल्हेरात मात्र ती सोय नाही, कारण इथे कुणी तसं सांगितलेलं नाही.

स्पर्धा आयोग आणि गूगल यांचं प्रकरण आता सर्वोच्च न्यायालयापुढे आहे. तिथे चर्चा होईल ती बाजाराच्या व्याख्येची, करारांची, दंडाच्या टक्क्यांची. वकील मोठे आहेत, वेळ लागेल. मला त्यात एकच गोष्ट बघायची आहे: रद्द झालेला तो काढण्याचा निर्देश परत उभा राहतो का. राहिला, तर तो फक्त गूगलच्या ॲप्सना लागेल. फोन बनवणाऱ्या कंपन्यांची आणि त्यांच्या भागीदारांची ॲप्स तरीही मोकळीच राहतील, आत्याच्या लॉक स्क्रीनवरची नटी धरून. तिला हलवायला वेगळा आदेश लागेल, कोरियासारखा, यादीसकट.